धबधबा ऐकायला

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊकच आहे की, मी घरबशा माणूस आहे. वर्षभर या पानावर मी जे लिहितो ते सोसायटीच्या पाण्याबद्दल, लोकलमधल्या चौथ्या सीटबद्दल, आणि अगदीच विषय सुचला नाही तर विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांबद्दल. तेव्हा दिवाळी अंकासाठी संपादकांनी यंदा बजावून सांगितले, "मास्तर, निदान वर्षातून एकदा तरी घराबाहेर पडा!" त्यांना काय माहीत, की मी नुकताच घराबाहेर पडून आलो होतो; आणि तेही एकटा नव्हे, तर ऐंशीला टेकलेले वडील, बारा वर्षांची मुलगी आणि थर्मास, औषधे, छत्र्या व चिवड्याचे डबे यांसह सौभाग्यवती, असा सगळा लवाजमा घेऊन.

आम्ही गेलो होतो गिरसप्पाचा धबधबा पाहायला. 'पाहायला' हा शब्द मी वापरला, पण अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो तिथल्या तिथे खोडून काढला असता. ते गेली दहा वर्षे म्हणत होते, "अरे, एकदा गिरसप्पा ऐकायला जाऊन येऊ."

आजच्या पिढीला त्याचे नाव 'जोग फॉल्स' असे ठाऊक आहे. पण आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी तो गिरसप्पाच. सह्याद्रीतून शरावती नदी पश्चिमेला समुद्राकडे धावते आणि वाटेत २५३ मीटर, म्हणजे आठशे तीस फूट, खाली उडी घेते. खाली घाटाच्या पायथ्याशी गेरसोप्पे गाव आहे, त्यावरून मराठी माणसाने धबधब्याचे नाव ठेवले. आणि मराठी माणसाचा तिथे संबंध काय, म्हणाल, तर नदीचा उजवा काठ आपल्याच मुंबई इलाख्यात होता! १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रासकडून मुंबईकडे आला तो १९५६ पर्यंत. डावा काठ म्हैसूर संस्थानचा. अजूनही उजव्या काठावरच्या सरकारी बंगल्याला लोक 'बाँबे बंगला' म्हणतात.

माझे आजोबा त्या जिल्ह्यात सिद्धापूरच्या मामलेदार कचेरीत कारकून होते. १९५५ च्या पावसाळ्यात साहेबांच्या फिरतीबरोबर ते गिरसप्पाला गेले, आणि हट्ट करणाऱ्या नऊ वर्षांच्या अण्णांनाही त्यांनी बरोबर नेले. साहेब बंगल्यात उतरले. कारकून आणि त्याचा मुलगा मागच्या नोकरांच्या खोलीत. रात्रभर अण्णांना झोप आली नाही. धबधब्याच्या आवाजाने खिडकीची तावदाने थरथरत होती. आजोबा म्हणाले, "घाबरू नको, नदी बोलते आहे." आणि त्याच रात्री, दरीच्या पलीकडे, म्हैसूरच्या बाजूला, अण्णांनी जन्मात पहिल्यांदा विजेचे दिवे पाहिले. त्या बाजूला धबधब्याच्या पायथ्याचे वीजघर १९४८ सालीच सुरू झाले होते. इकडे कंदील, तिकडे झगझगीत माळ! "त्या रात्री मला दोन गोष्टींनी वेड लावलं," अण्णा सांगतात. पुढल्या वर्षी राज्यांची फेररचना झाली, आजोबांची बदली रत्नागिरीला झाली, आणि मोठेपणी अण्णा वीजमंडळात लागले ते निवृत्त होईपर्यंत. वेडांपैकी एकाची सोय लागली. दुसरे मनातच राहिले.

दहा वर्षे मी काय करत होतो, हा प्रश्न वाचकांनी विचारू नये अशी माझी इच्छा आहे. पण विचारलाच तर उत्तर असे: पेपर तपासत होतो, घराचे हप्ते फेडत होतो, आणि 'पुढच्या सुट्टीत नक्की' असे म्हणत होतो. आई होती तेव्हा तीही यायची म्हणत होती. पुढच्या सुट्ट्या पुष्कळ आल्या. आई मात्र राहिली नाही.

शेवटी तारीख ठरवली ती मी नव्हे, कानाच्या डॉक्टरांनी. अण्णांची तपासणी करून ते म्हणाले, "श्रवणशक्ती हळूहळू कमी होणारच. या वयात आधी बारीक, तीक्ष्ण आवाज जातात. पाखरांचा, लहान मुलांचा. जाड, घुमणारे आवाज बरेच दिवस टिकतात." त्यांनी कानात घालायचे यंत्र दिले. घरी येताना रिक्षात माझी मुलगी काहीतरी बडबडत होती. तिचा आवाज मुळात चिमणीसारखा. अण्णा तिच्याकडे बघून हसत होते, मान डोलावत होते. आणि एकाएकी माझ्या लक्षात आले, की त्यांना त्यातले काही म्हणजे काही ऐकू येत नव्हते. त्याच रात्री मी तिकिटे काढली.

कोकण रेल्वेने आम्ही होन्नावरला उतरलो. शरावती येथेच समुद्राला मिळते. तेथून मोटार करून घाट चढू लागलो. गेरसोप्पे मागे पडले. सोळाव्या शतकात येथे चेन्नभैरादेवी नावाची राणी राज्य करीत होती. मिऱ्यांचा व्यापार तिच्या हाती होता, म्हणून पोर्तुगीज तिला 'मिरीची राणी' म्हणत. हे मी मोठ्या उत्साहाने सांगितले. सौभाग्यवती म्हणाल्या, "मिरी इथे स्वस्त मिळत असतील, नाही?" इतिहास शिकवण्याचा माझा प्रयत्न घरात नेहमी असाच वाण्याच्या दुकानात जाऊन थांबतो.

घाट चढताना एका वळणावर उजेडच कमी झाला. दुपारचे बारा वाजलेले, पण संध्याकाळ झाल्यासारखे वाटले. ड्रायव्हर म्हणाला, "कत्तलेकान!" मुलगी दचकली. "बाबा, इथे कत्तल झाली होती?" अण्णांना हा प्रश्न ऐकू गेला नाही, मी मोठ्याने सांगितला, तेव्हा ते खूप हसले. लहानपणी शिकलेली कानडी त्यांना अजून येते. ते म्हणाले, "अगं, कानडीत 'कत्तले' म्हणजे काळोख. आणि 'कान' म्हणजे राखलेलं रान. काळोखाचं रान!"

आम्ही खाली उतरलो. रस्त्यापासून दहा पावलांवर ओहोळ होता, आणि त्याच्या चिखलात ती झाडे उभी होती. रानजायफळाच्या कुळातली. जमीन सदा पाण्याने भरलेली, म्हणून या झाडांची मुळे श्वास घ्यायला वर येतात. काही झाडे टेकू लावल्यासारखी मुळांच्या काठ्यांवर उभी राहतात, तर काहींची मुळे चिखलातून गुडघ्यासारखी वर येऊन पुन्हा आत जातात. हा वनस्पतींचा फार प्राचीन वंश आहे, आणि अशी जायफळाची दलदल आता सह्याद्रीत थोड्या ठिकाणीच उरली आहे. आपल्या सिंधुदुर्गातही दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे देवाचे रान म्हणून लोकांनी राखल्यामुळे तिचा एक तुकडा वाचला. बिब्ब्याच्या कुळातल्या एका दुर्मिळ झाडाला तर शास्त्रज्ञांनी कत्तलेकानाचेच नाव दिले आहे. आयाळीसारखे पांढुरके केस तोंडाभोवती असलेली काळी सिंहपुच्छ माकडे या टापूत राहतात. त्यांच्या वस्तीची उत्तरेकडची हद्द हीच. महाराष्ट्रात ती नाहीत. आम्हाला ती दिसली नाहीत. आम्हाला भेटल्या त्या जळवा. मुलीच्या पोटरीला एक चिकटली, तिने ओरडून रान डोक्यावर घेतले, आणि सौभाग्यवतींनी चिवड्याबरोबर आणलेल्या पुडीतले मीठ लावून तिला खाली पाडले. त्या पुडीवरून निघताना मी बायकोला हसलो होतो, हे येथे नमूद करून ठेवतो.

अण्णा मात्र ओहोळाकाठी नुसते उभे होते. म्हणाले, "नदी काय एकदम नदी असते? हे असं रान पाणी धरून ठेवतं, मग थोडं थोडं सोडतं. आमच्या धरणासारखंच. फक्त याला सिमेंट लागत नाही."

जोगला पोहोचलो तेव्हा तीन वाजले होते, आणि समोर काहीही नव्हते.

काहीही नव्हते म्हणजे खरोखरच नव्हते. कठड्यापलीकडे पांढरे धुके. जणू एखाद्याने आकाशाला चुना फासून ठेवला होता. पाच-पन्नास माणसे कठड्याला टेकून त्या पांढऱ्या भिंतीकडे बघत होती आणि आपापल्या मोबाइलवर तिचेच फोटो काढीत होती. मी मनात हिशेब केला: चार माणसांची तिकिटे, मोटार, दोन रात्रींची खोली. चहाच्या टपरीवाल्याने माझ्या चेहऱ्यावरचा हिशेब वाचला असावा. तो म्हणाला, "स्वल्प इरि!"

"थोडं थांबा म्हणतोय," अण्णांनी सांगितले. मला त्या परिस्थितीतही आनंद झाला. ज्या 'स्वल्प' शब्दाला आम्ही मराठीत फक्त विरामचिन्हांच्या कामाला जुंपला आहे, तो येथे टपरीवर चहा विकत होता!

थांबण्याखेरीज दुसरे काय करणार? आम्ही बाकावर बसलो. दिसत काही नव्हते, पण धुक्याच्या आतून आवाज येत होता. मी अण्णांकडे पाहिले. ते डोळे मिटून ऐकत होते. मी विचारले, "येतोय ना ऐकू?"

त्यांनी डोळे उघडले. "येतोय. पण हा तो नव्हे."

"म्हणजे?"

"हा भजी तळल्याचा आवाज आहे रे. नुसती चुरचुर."

माझ्या पोटात खड्डा पडला. आपल्यालाही ठाऊक होते, की १९५५ चा गिरसप्पा आता नाही. १९६४ साली धबधब्याच्या वर, लिंगनमक्की येथे शरावतीवर मोठे धरण झाले. आता नदी आधी त्या धरणात शिरते, तेथून वीजघरांकडे वळते, आणि उरलेसुरले पाणी धबधब्याच्या वाट्याला येते. भर पावसाळ्यात तो अजून भरून वाहतो. पण पूर्वीसारखा दिवाळीनंतरही गरजत नाही. उन्हाळ्यात तर त्या भव्य कड्यावरून ओघळ तेवढे उतरतात. मीच दहा वर्षे उशीर केला असे मला वाटत होते. खरे म्हणजे साठ वर्षांचा उशीर झाला होता.

मुलीने टपरीवाल्याला रागाने विचारले, "धबधबा अडवला कशाला?" तो गृहस्थ पन्नाशीचा, कोकणीमिश्रित मराठी बोलणारा. तो काही बोलण्याच्या आत अण्णांनी विचारले, "काय म्हणते ती?" मी सांगितले. अण्णा म्हणाले, "दिव्यासाठी, बाळ. माझी आई कंदिलाच्या उजेडात तांदूळ निवडून निवडून डोळे गमावून बसली. मी पहिला पगार झाल्यावर तिला विजेचा दिवा लावून दिला, तेव्हा तिला तो धुरकट दिसत होता. दिव्याला नावं ठेवू नये."

टपरीवाला चहा ओतता ओतता थांबला. म्हणाला, "खरं आहे, काका. दिव्याला कशाला नावं ठेवायची? आमच्या आज्याची सुपारीची बाग त्या धरणात गेली. घर गेलं, देऊळ गेलं. रानात नवी जागा दाखवली, तिथे येऊन राहिले. इथून सगळीकडे तारा गेल्या, आमच्या डोक्यावरून गेल्या. पण आमच्या घरात दिवा लागला तेव्हा मी पाचवीत होतो. तोवर चिमणीच."

कोणी काही बोलले नाही. अण्णांना हे सगळे ऐकू गेले होते. त्या माणसाचा आवाज चांगला भरदार होता. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मी वीजमंडळातच होतो. इथला नव्हे, महाराष्ट्रातला. काही वर्षं कोयनेला, पोफळीला. तिथेही गावं बुडाली."

"असं?" टपरीवाला म्हणाला, आणि एकदम हसला. "मग तुमच्याकडून चहाचे दुप्पट घ्यायला पाहिजेत!"

आम्ही सगळे हसलो. अण्णा मात्र हसले नाहीत. त्यांनी खिशातून पाकीट काढले आणि खरोखरीच दुप्पट पैसे मोजून फळीवर ठेवले. तो माणूस "अहो, गंमत केली" म्हणून परत करू लागला, तर अण्णांनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "असू दे. फार उशिरा देतोय." त्याने अर्धे पैसे उचलून माझ्या मुलीच्या हातात दिले आणि तिला म्हणाला, "आज्याने दिले. खाऊ घे." हा हिशेब असाच मिटला. मोठे हिशेब कोण मिटवील, ते मला सांगता येत नाही.

तेवढ्यात वाऱ्याबरोबर तुषारांची एक लाट आली आणि आम्ही भिजलो. अण्णांनी घाईघाईने कानातले यंत्र काढले. ते भिजले तर वीस-पंचवीस हजारांना खड्डा. डबीत घालून त्यांनी ती डबी सौभाग्यवतींकडे दिली. मग ते कठड्याकडे वळले आणि एकदम जागच्या जागी थबकले.

"हां," ते म्हणाले. "हां! आता आहे."

"काय?"

त्यांनी हाताने मला गप्प केले. मला क्षणभर काही कळेना. आणि मग डॉक्टरांचे शब्द आठवले. बारीक आवाज आधी जातात, घुमणारे टिकतात. यंत्र बिचारे प्रामाणिकपणे पाण्याची सगळी चुरचुर त्यांच्या कानात ओतत होते, आणि तिच्याखाली तो खालचा, खोल दरीतला घुमारा बुडून गेला होता. यंत्र निघाले, चुरचुर गेली, आणि उरला तो फक्त घुमारा. म्हातारपणाने त्यांच्यासाठी धबधबा गाळून ठेवला होता.

"लहान झालाय," अण्णा म्हणाले, "पण तोच आहे."

मी मराठीचा मास्तर. शब्दांवर माझी भाकरी चालते. तरी 'धबधबा' हा शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. संस्कृतात प्रपात म्हणतात. त्यात पडणे आहे. इंग्रजीतही पडणेच आहे. आपण मात्र तो कसा दिसतो, कसा पडतो, याकडे लक्षच दिले नाही. रानात चालताना आधी कानावर जे आदळले तेच नाव ठेवून मोकळे झालो: धब्, धब्! आपल्या पूर्वजांना तो धुक्यातच भेटला असला पाहिजे.

आणि मग धुके फाटले. दोन मिनिटे, फार तर तीन. आधी काळा कडा दिसला, मग त्यावरून एका उडीत सरळ तळाला जाणारा राजा. त्याच्या शेजारी खडकांतून आदळत येऊन मध्येच त्याला मिळणारा रोअरर, ज्याला कोणी रोव्हर म्हणतात. मग बाणांसारखे फवारे फेकणारा रॉकेट, आणि सर्वांत शेवटी, पदर सावरीत उतरावी तशी फेसाळ राणी. माणसांनी एकदम 'ओ!' केले. मुलीने मोबाइल वर धरला, आणि मग का कोण जाणे, तो खाली घेऊन नुसती पाहत राहिली. अण्णा पलीकडच्या काठाकडे बोट दाखवीत होते. "तिकडे बंगला. तिथे मागच्या खोलीत आम्ही होतो. बाबा म्हणाले, नदी बोलते आहे."

मी काही बोलणार, तोच धुक्याने पुन्हा दार लावले.

परतीच्या गाडीत मुलीने मला हळूच विचारले, "आजोबांना धबधबा ऐकू येतो, मग माझं का येत नाही?" मी तिला डॉक्टरांचे म्हणणे समजावून सांगितले. ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसली. मग उठली, अण्णांच्या शेजारी जाऊन बसली, गळा खाकरला, आणि जमेल तितक्या जाड, घोगऱ्या आवाजात, एक एक शब्द सुटा करून म्हणाली, "आ-जो-बा, चि-व-डा ह-वा का?"

डब्यातली सारी माणसे वळून पाहू लागली. अण्णा दचकले. "ऐकू आलं!" ते म्हणाले. "अगदी रोअररसारखं!"

या गोष्टीला आता दोन महिने होतील. आमच्या घरात सध्या एक बारा वर्षांची मुलगी गवयाच्या आवाजात बोलत असते. शेजाऱ्यांनी तिच्या घशाची चौकशी केली. अण्णा मात्र हल्ली तिच्याशी तासन्‌तास गप्पा मारतात, आणि त्यांची मान आता नुसती डोलत नाही. मध्ये मध्ये 'नाही' म्हणूनही हलते.

काल आम्ही आकाशकंदील टांगला. बटण दाबायचा मान दरवर्षी अण्णांचा. चाळीस वर्षे वीजमंडळात काढलेल्या माणसाचा हक्कच तो. मुलीने आपल्या नव्या आवाजात विचारले, "आजोबा, हा गिरसप्पाचा दिवा का?"

"नाही गं," अण्णा म्हणाले. तांत्रिक बाबतीत ते चूक कधीच चालवून घेत नाहीत. "इथली वीज कोळशाची असेल, कोयनेची असेल, आणखी कुठली असेल. तारांत सगळी एकत्र होते, कुणाची ते ओळखता येत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "पण कुणाची तरी असते. तेवढं लक्षात ठेव."

त्यांनी बटण दाबले. आम्ही सगळे वर पाहू लागलो. अण्णा खाली, तिच्या तोंडाकडे पाहत होते. ती पुढे काय बोलते ते ऐकण्यासाठी.